जनावरांसाठी रांजण

दिवाळी अंकवाल्यांना आमची आठवण बरोबर पणत्यांच्या हंगामाच्या तोंडावर येते. यंदा फोन करणारा संपादक फार आदरानं बोलत होता. "तुम्ही लोप पावत चाललेली कला जिवंत ठेवलीत, त्याबद्दल काहीतरी लिहा," म्हणाला. मी म्हटलं, "लोप पावत चाललोय तो मी. कलेचं मला ठाऊक नाही." तो हसला नाही. बहुतेक लिहून घेत असावा.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी कुंभार. कलाकार मला अलीकडे नगरच्या सावेडीतल्या शाळांनी केलं. चाक टेम्पोत घालून शाळेत न्यायचं, पोरांच्या हाताला माती लावायची, त्यांच्या आयांनी फोटो काढायचे आणि शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी शाल-नारळ द्यायचा, असा तो कार्यक्रम असतो. नारळाची चटणी होते. शालींचं काय करायचं हा प्रश्न होता, पण मडकी गुंडाळून न्यायला त्या फार चांगल्या, पूर्वीच्या गोणपाटापेक्षा मऊ. माझा मुलगा याच सावेडीत पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या विकतो. म्हणजे पाणी साठवायचा धंदा घराण्यात टिकून आहे, फक्त घडवायचं काम गेलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि त्याचं दुकान चांगलं चालतं याचं बरंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला काय करणार.

कुंभाराची खात्रीची गिऱ्हाइकं दोन. एक पणतीचं आणि एक तिरडीचं. पणतीचं गिऱ्हाईक डझनावर एक फुकट मागतं, आणि घरी जाऊन मेणाचे दिवे लावतं. तिरडीचं गिऱ्हाईक घाईत असतं. मडकं वाजवून बघत नाही, रंग विचारत नाही, आणि माझ्या उभ्या जन्मात तिरडीच्या मडक्याबद्दल एकही तक्रार परत आलेली नाही. बाकी सगळं गाव मात्र वाजवून घेतं. पाथर्डीच्या बाजारात एक म्हातारा दर आठवड्याला आमच्यासमोर उकिडवा बसायचा, एकेक माठ उचलून टिचकी मारायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि "फुडल्या बाजारी बघू" म्हणून उठायचा. त्यानं कधी एक बोळकंसुद्धा घेतलं नाही. मी चिडायचो. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते हसायचे. "आसू दे रं किसन. गानं ऐकायला येतोय त्यो."

दादांचा स्वभाव असा. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. फार अडचण झाली तर ते "बघू" म्हणायचे. गावात कुणीही काहीही सांगावं, दादांनी मान हलवून "बघू" म्हणावं आणि पुढं ते काम मुकाट करून टाकावं. गाव त्यांना सोपानमामा म्हणायचं. आईचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "ह्यांच्या पाठीला कना देवानं घातलाच न्हाई, मातीचाच गोळा हाय." आई जहाल होती. तिच्या तोंडाला गावात सगळे टरकून असायचे, आमचं गाढवसुद्धा. त्या गाढवाचं नाव आम्ही मामलेदार ठेवलं होतं, कारण ते दिवसभर एका जागी उभं राहायचं आणि ढोसल्याशिवाय हलायचं नाही.

आता धंदा समजून घ्या, म्हणजे पुढची भानगड कळेल. माती तळ्यातल्या गाळाची लागते, चिकट आणि बिनखड्याची. ती चाळून खड्ड्यात भिजत घालायची, त्यात चाळलेली राख घालायची, आणखी एक जिन्नस घालायचा, तो योग्य वेळी सांगतो. मग पायांनी तुडवायची. इतकी तुडवायची की पिंढऱ्यांना गोळे आले पाहिजेत. भिजलेली सगळी माती कुंभार कधी संपवत नाही. थोडा गोळा खड्ड्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली राखून ठेवतो आणि नव्या मातीत मिसळतो. दुधाला विरजण लावतात तसंच. मुरलेल्या मातीनं नवी माती लवकर वळणावर येते.

रांजण चाकावर अर्धाच होतो. त्याचं तोंड आणि जाड अंग चाकावर काढायचं, मग ते खाली घेऊन आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत थापटत मोठं करायचं. हे काम दिवसचे दिवस चालतं. मग सावलीत सुकवायचं आणि शेवटी आव्यात घालायचं. आवा म्हणजे आमची भट्टी. गोवऱ्या, काटक्या, मडकी असा थरावर थर रचून वरून खापऱ्या आणि चिखलानं लिंपायचं आणि पेटवायचं. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की आव्यात जाईपर्यंत मडकं कच्चं असतं. पाण्यात टाकलं की विरघळून परत चिखल होतो, जणू कधी घडलंच नव्हतं. एकदा भाजलं की मग मात्र ते फुटेल, पण त्याची माती होणार नाही. कच्च्यापर्यंत माघार घेता येते. भाजल्यावर नाही.

बहात्तर सालच्या दुष्काळात आमच्या गावचं तळं तळापर्यंत आटलं. गाव तळ्याच्या काठावर उभं राहून हळहळत होतं आणि दादा मात्र खाली उतरून गाळ बोटांत चोळून बघत होते. त्यांच्या आज्यालासुद्धा तळ्याच्या पोटातली ती माती कधी मिळाली नव्हती. लोण्यासारखी माती. दादांचा चेहरा असा फुलला की आईनं काठावरून हाक मारली, "अवो, हसू नका! लोक बघत्यात. गाव सुतकात हाय आन तुमी लग्नाला आल्यावानी काय करताय!"

माती मिळाली आणि गिऱ्हाईकही मिळालं. गावच्या विहिरीत टँकर रिकामा करायचे. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की झुंबड. ज्याच्या घरी साठवायला मोठं भांडं, त्याला पुढच्या टँकरपर्यंत चिंता नाही. ज्याच्या घरी दोन घागरी आणि एक हंडा, त्याची दुसऱ्या दिवसापासून वणवण. त्यामुळे सगळ्या गावाला एकदम रांजण पाहिजे झाला. जे लोक पितळी हंड्यांचा तोरा मिरवायचे, मातीच्या भांड्याला नाक मुरडायचे, तेही दारात येऊन "सोपानमामा, आमचा पयला" म्हणायला लागले.

दादा म्हणाले, "देतो की. पानी द्या."

"कसलं पानी?"

"माती भिजवायला. पान्याबिगर माती भिजती व्हय?"

"प्यायला पानी न्हाई आन तुला चिखलात वतायला द्यायचं?"

"मंग रांजन कशाचा करू?"

"आरं, रांजन न्हाई म्हनूनच तर पानी न्हाई!"

हे संभाषण आमच्या दारात रोज व्हायचं. माणसं बदलायची, शब्द तेच. शेवटी ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवून निघून जायचं. घरात आमची वेगळीच पंचाईत. मी आणि माझी बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो, म्हणून चूल पेटत होती. मामलेदार सोडला तर आमची जनावरं गुरांच्या छावणीत, सगळ्या गावाचीच छावणीत, त्यामुळे शेण नाही, गोवऱ्या नाहीत. जुनी शिल्लक, तुराट्या आणि काटक्या धरून जेमतेम एक आवा लागेल एवढंच जळण होतं. दादांनी सरळ सांगितलं, "ह्यो आवा लागला आन रांजन गेलं तर ठीक. न्हाई तर चाक भितीला लावू आन समदीच खडी फोडू." चाक भिंतीला टेकवून उभं केलं की कुंभाराचं घर बंद झालं असं समजायचं. मी तेव्हा पंचविशीचा. चाकावर हात नुकता बसायला लागला होता, मातीची गोडी लागली होती. खडीची गोडी कुणालाही लागत नाही. त्यामुळे मला तो आवा लागायला हवा होता, फार मनापासून हवा होता.

मग दादांनी एक तोड काढली. ज्याला रांजण पाहिजे त्यानं एक घागर पाणी आणावं. प्यायचं नको, कसलंही चालेल. आंघोळीचं, कपडे पिळलेलं, तांदूळ धुतलेलं. मातीला सोवळं-ओवळं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खड्ड्यावर जी जत्रा भरली ती मी विसरणार नाही. सरपंच तात्यांच्या घरून आंघोळीचं पाणी आलं, त्यावर साबणाचा फेस तरंगत होता. गावात साबण परवडणारं घर कोणतं ते सगळ्यांना कळलं. किराणा दुकानदार शेटजींनी पाठवलेल्या घागरीत पाणी किती आणि तेलाचा तवंग किती हे सांगणं अवघड होतं. कुणाच्या पाण्यात भाताची शितं, कुणाच्या पाण्यात लुगड्याचा उतरलेला रंग. एकानं तर म्हशीनं तोंड लावलेलं पाणी आणलं. कुणाची म्हैस अजून घरी आहे हेही त्यामुळं कळलं आणि तिच्यावर छावणीवाल्यांत चर्चा झाली.

त्या रांगेत बौद्धवाड्यातली गयाबाई होती. दुष्काळी कामावर ती माझ्या बायकोशेजारी बसायची, खडी फोडण्यात दोन पुरुषांना भारी. बौद्धवाड्याला एक जुना आड होता आणि त्याचा झरा बारीक का होईना, चालू होता. गाव टँकरची वाट बघत उन्हात उभं राहायचं, पण त्या आडाकडं कुणी घागर घेऊन गेलं नाही. आज हे लिहितानाही मला संताप येतो. गयाबाईनं आपली घागर खड्ड्यात ओतली तेव्हा खालचा गाळ दिसला, इतकं ते पाणी नितळ होतं.

दादा म्हणाले, "बाई, हे प्यायचं पानी आनलंस का? धुनं धुतलेलं चाललं आसतं."

"मला घान द्यायची सवं न्हाई, मामा," ती म्हणाली. "सवच्छ दिलंय. रांजन बी तसाच दे, बिनचिरीचा."

माती भिजली. आम्ही तुडवली. दादांनी थापटणं हातात घेतलं आणि अंगणात एकेक रांजण उभा राहायला लागला. त्यांच्या हाताला तेव्हा काय चढलं होतं कोण जाणे. पोटाला गोल, तोंडाला आटोपशीर, असे रांजण त्यांनी पुन्हा कधी केले नाहीत. सुकून आव्यात घालायच्या बेताला आले आणि गावात कुजबुज सुरू झाली.

तात्या स्वतः आले. तात्या पुढारलेले. सव्वीस जानेवारीला समतेवर भाषण करायचे, आणि ते भाषण खरंच चांगलं असायचं. अंगणात रांजणांवरून नजर फिरवून म्हणाले, "सोपानमामा, मला काय न्हाई बरं का. मी मानत न्हाई. पर बौद्धवाड्यातलं पानी पडलंय मातीत, आन लोक म्हनत्यात, प्यायच्या पान्याचा रांजन हाय. आमच्या आईला चालायचं न्हाई."

मी गरम डोक्याचा. तसाच उठून त्यांच्या आईकडं गेलो. म्हातारी तांदूळ निवडत होती. "मला काय करायचंय रं?" ती म्हणाली. "मी आज हाय, उद्या न्हाई. शेटजीच्या घरी चालत न्हाई म्हनं." शेटजींच्या दुकानात गेलो. शेटजी तराजू पुसत म्हणाले, "आपल्याला सगळे सारखे. गिऱ्हाईक कुरकुरतं. त्यांचं मन मोडता येतं का?" दुकानात गिऱ्हाइकं उभीच होती. त्यांना विचारलं. ती म्हणाली, "आमचं काय न्हाई बाबा, तात्यांना चालत न्हाई आसं आयकलं."

म्हणजे मी गावाला एक पूर्ण चक्कर मारून जिथून निघालो तिथंच आलो. हरकत सगळ्या गावाची होती आणि हरकत घेणारा माणूस गावात नव्हता. तो मला आजपर्यंत सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या परत आले, आता चार माणसं घेऊन. तोडगा घेऊन आले होते. "हे बघ, आजून कच्चंच हाय. मोड समदं. म्या टँकरमधून तुला पिंपभर पानी काढून देतो, सवच्छ. नव्यानं माती भिजव. तुझी मेहनत जाईल, पर गाव तुझ्या मागं ऱ्हाईल." सवच्छ हा शब्द त्यांनी वापरला. ज्यांच्या घरचा साबणाचा फेस त्या मातीत होता त्यांनी.

दादा मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. "पानी तर कवाच उडून गेलं, तात्या," ते हळूच म्हणाले. "सुकल्यात की रांजन. आता त्यात कुनाचंच पानी न्हाई."

"मला कळतंय रं. पर लोकांला कसं सांगू?"

"बघू," दादा म्हणाले. बघू म्हणजे झालंच. दादा आता उठणार आणि सगळे रांजण खड्ड्यात ढकलणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात आई ओसरीवरून उतरली. पदर खोचलेला, हात चिखलानं भरलेले. "बघू काय बघू!" ती कडाडली. "आन तात्या, गयाबाईचं पानी चालत न्हाई म्हनता, तर मातीत आनखी काय आसतंय म्हाईत हाय का तुमाला? लीद आसतीय, लीद! त्यो उभा हाय बघा, त्या गाढवाची! त्याच्या बापाची लीद तुमच्या बापाच्या माठात हुती. लिदीबिगर माठ गार करत न्हाई. तवा न्हाई कुनी इचारलं गाढवाची जात काय म्हनून!"

हाच तो राहिलेला जिन्नस. लीद भाजताना जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं आणि माठ गार होतो. अडाण्यालाही माहीत असलेली गोष्ट. मामलेदाराच्या मागं टोपली घेऊन फिरताना गावानं आम्हाला रोज पाहिलेलं. पण एक पाहणं असतं आणि एक पाणी पिताना डोळ्यांसमोर येणं असतं.

चौघांतला एक जण तोंडाला उपरणं लावून बाहेर गेला. वाचणाऱ्याला वाटेल की आईनं बाजी मारली. कसली बाजी! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली, आणि ज्यांना गयाबाईच्या पाण्याचं खरोखर काही वाटत नव्हतं तेसुद्धा आता रांजण नको म्हणायला लागले. जुने माठ घासायला निघाले. एका बाईनं आपल्या सासूच्या वेळचा माठ आमच्या दारात आणून ठेवला आणि निघून गेली. आईनं एका वाक्यात पिढ्यांचा धंदा बुडवला. तिला ते कळलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली, गप्प. आई गप्प बसली की आम्हाला जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना गयाबाई आमच्या दारात थांबली. डोक्यावर पाटी, हातात हातोडा. तिला सगळं कळलं होतं. खाली बसली नाही.

"मोडनार म्हनं रांजन?"

दादा फडकं घेऊन रांजणावरची धूळ पुसायला लागले.

"मोडा. तुमचं हायत. पर माझं पानी मला परत द्या."

"आता ते कुठनं देऊ, बाई?"

"ते मला इचारू नका. घागर भरून दिल्ती, घागर भरून पायजे. तांबडं नको, चिखल नको. जसं दिल्तं तसं." तिचा आवाज चढला नव्हता. "ते परत देता येत आसंल तर मोडा. न्हाई तर माझा रांजन मला भाजून द्या."

ती निघून गेली. दादा एवढंच म्हणाले, "तिचं बराबर हाय. पानी काय परत देता यायचं न्हाई."

सकाळी मी उठून बाहेर आलो तर दादा आवा रचत होते. एकटेच. गोवऱ्यांचा थर, त्यावर रांजण आडवे, मध्ये काटक्या. मी विचारलं, "भाजायचं?" ते म्हणाले, "खापऱ्या दे." आई बाहेर आली, चिखल कालवायला लागली. ऊन वर यायच्या आत आव्याला कुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि दादांनी पेटवून दिलं. तात्या धूर बघून धावत आले. "आरं सोपान, बघू म्हनला हुतास ना?"

"बघितलं," दादा म्हणाले.

जन्मभर कुणाला नाही न म्हणालेला माणूस. त्या दिवशीही त्यानं नाही म्हटलं नाहीच, नुसती काडी लावली. पण माघारीचा रस्ता स्वतःच्या हातानं जाळला. मला दादांचा इतका अभिमान दुसऱ्या कशानं वाटलेला नाही. भीतीही वाटत होती, कारण शेवटचं जळण होतं ते.

आवा निवला, उघडला. एक-दोन तडकले होते, बाकी सगळे खणखणीत. टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा आवाज. बाजारातला तो म्हातारा असता तर रडला असता. आम्ही रांजण अंगणात मांडले आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. गयाबाई आली, आपला रांजण निवडला, आत तोंड घालून "ओ" केलं, समाधानानं मान हलवली आणि दोन बायकांच्या मदतीनं घेऊन गेली. त्यानंतर कुणी आलं नाही. त्या अंगणासारखं भरलेलं आणि ओसाड अंगण मी पुन्हा पाहिलं नाही. दादांनी चाकाखालची खुंटी सैल करून ठेवली होती, भिंतीला लावायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून.

मग टँकर आला आणि जाताना ड्रायव्हर सांगून गेला की आता आठवडाभर तरी गाडी नाही, दुसऱ्या तालुक्यात पाठवतायत. विहिरीवर जे काही झालं त्याला मारामारी म्हणायला हरकत नाही. पाणी मात्र भरपूर होतं. भांडी नव्हती. लोकांनी परातीत भरलं, डब्यांत भरलं, कुणी पाळण्यात ताडपत्री घालून भरलं. तरी विहिरीत पाणी उरलं आणि ते तिथंच उन्हात आटणार हे सगळ्यांना दिसत होतं.

पहिले आले शेटजी. इकडं तिकडं बघत म्हणाले, "एक रांजण दे. घरात नको, जनावरांसाठी पाहिजे."

दादांनी विचारलं, "तुमची जनावरं छावणीत हायत ना?"

"येतील की परत!"

त्यांच्या पाठोपाठ एकेक जण यायला लागला. जनावरांसाठी. म्हशीसाठी. एकानं कुत्र्यासाठी नेला, सगळ्यांत मोठा. तात्यांनी गडी पाठवला, तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "तात्यांनी सांगितलंय, बैलांसाठी." संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं. गावात त्या दिवशी शोधून चार जनावरं सापडली नसती, आणि जनावरांसाठी रांजण नाही असं एकही घर राहिलं नाही. दादांनी खुंटी परत ठोकून घट्ट केली. आई पुन्हा बोलायला लागली. दोन्ही गोष्टींनी मला सारखाच आनंद झाला.

पुढे उन्हाळा कडक लागला तेव्हा मी कामानिमित्त तात्यांकडं गेलो होतो. रांजण माजघरात, पाटावर, झाकणीवर ओगराळं. तात्यांनी स्वतः पाणी दिलं. दात कळवळावेत इतकं गार.

"बैलांची चैन हाय," मी म्हणालो.

तात्या एवढे हसले की ठसका लागला. मला वाटतं त्या हसण्यात थोडी लाज होती. नसेलही. ते पुन्हा निवडून आले आणि समतेचं भाषण चालू राहिलं.

बाकी आमचा धंदा दुष्काळातून निभावला आणि मग सुखाच्या दिवसांत हळूहळू गेला. विहिरींवर पंप आले, घराघरांत नळ आले. दादा गेले, मामलेदार तर त्यांच्याही आधी गेला. गयाबाईचा मुलगा नगरला नोकरीला लागला, तिचा रांजण त्याच्या गच्चीवर आहे. त्यात तुळस लावलीय आणि ती बरी वाढलीय. चीर अजून नाही, मी मुद्दाम जाऊन बघितलं.

दादांनी त्या मातीतला गोळा राखून ठेवला होता, रीतीप्रमाणं. पुढच्या मातीत तो गेला, त्यातला गोळा त्याच्या पुढच्या. मीही तेच करत आलो. गाव सुटलं, सावेडीजवळ पत्र्याची शेड घेतली, तेव्हा येताना ओल्या फडक्यात गोळा बांधून आणला. त्यामुळे गेल्या महिन्यात शाळेतल्या पोरांनी जी वेडीवाकडी बोळकी केली त्यांतही गयाबाईची घागर आहे, तात्यांचा साबण आहे आणि शेटजींचं तेल आहे. एका आईनं मला विचारलं, "माती शुद्ध आहे ना काका?" मी म्हटलं, "एकदम." लिदीचं मी शाळांत सांगत नाही. माझ्या आईचा अनुभव गाठीला आहे.

तात्या बऱ्याच वर्षांनी वारले, नगरच्या दवाखान्यात. म्हातारपणी मुलाकडं सावेडीतच राहायचे. मुलगा मोटारसायकलवरून माझ्या शेडवर आला. डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला. लहानपणी तो त्याच रांजणातलं पाणी प्यायलेला.

"किसनमामा, एक मडकं पायजे," तो म्हणाला. "तात्यांसाठी."

मी त्यातल्या त्यात चांगलं काढून दिलं. वाजवून बघून दिलं, तिरडीच्या मडक्याला मी ते कधी करत नाही. खणखणीत होतं.